ईश्वराचे एकत्व आणि ईश्वराचा शब्द

जेरुसलेमच्या जुन्या नगरात, ज्या उंचवट्यावर एके काळी यहुद्यांचे मंदिर उभे होते त्याच उंचवट्यावर, आज सोनेरी घुमटाची जी अष्टकोनी वास्तू दिसते ती उमय्या घराण्यातील खलीफा अब्द अल्-मलिक याने बांधविली. तिच्या आतील कमानींच्या माथ्यावरून, निळसर हिरव्या पार्श्वभूमीवर सोनेरी काचतुकडे जडवून काढलेला एक अरबी लेख दोन्ही अंगांनी फिरत गेला आहे. त्याची एकूण लांबी सुमारे 240 मीटर भरते आणि बांधणीचे वर्ष त्यात हिजरी 72, म्हणजे इ. स. 691-92, असे नोंदलेले आहे. मुसलमानी राज्यसत्तेने आपल्या श्रद्धेचा जाहीरनामा म्हणून कोरविलेल्या या लेखाच्या आतल्या बाजूचा रोख मात्र सर्वस्वी ख्रिस्ती प्रजेकडे आहे. ग्रंथधारी लोकांनी धर्मात अतिरेक करू नये, ईश्वराला तीन म्हणू नये, पुत्र असणे हे ईश्वराच्या थोरवीला साजणारे नाही, असे तो बजावतो. आणि त्याच दमात मरियमपुत्र ईसा हा ईश्वराचा प्रेषित, मरियमकडे पाठविलेला ईश्वराचा शब्द आणि ईश्वराकडून आलेला आत्मा होय असे सांगून त्याच्या जन्म, मृत्यू व पुनरुत्थान या तिन्ही दिवसांसाठी शांतीची याचना करतो. येशूच्या कबरीवर बांधलेले ख्रिस्ती देवालय येथून हाकेच्या अंतरावर आहे. दहाव्या शतकातील भूगोलवेत्ता अल्-मुकद्दसी, जो स्वतः जेरुसलेमचा रहिवासी होता, तो लिहितो की त्या देवालयाच्या भव्य घुमटाने मुसलमानांची मने दिपून जाऊ नयेत म्हणूनच खलीफाने हा घुमट उभारला.

निषेध आणि आदर एकाच ओळीत गुंफणारा हा लेख म्हणजे इस्लाम व ख्रिस्ती धर्म यांच्या संबंधांचे मूळ दफ्तरच आहे असे मला वाटते. आपल्याकडे या दोन धर्मांच्या ईश्वरकल्पनेची तुलना करताना, एक धर्म ईश्वर एक मानतो आणि दुसरा तीन मानतो, एवढ्यावर बहुधा विषय मिटविला जातो. ही मांडणी ख्रिस्ती धर्मावर अन्याय करते हे तर खरेच, परंतु ती इस्लामलाही न्याय देत नाही. कारण तिच्यामुळे इस्लामच्या एकेश्वरवादातील सारे तत्त्वचिंतन केवळ संख्येच्या आग्रहापुरते उरते. ईश्वर एकच आहे, तो अनादि आहे, शून्यातून त्याने सृष्टी निर्माण केली, अब्राहामाशी तो बोलला, पैगंबरांच्या मुखाने त्याने आपली इच्छा कळविली आणि अखेरच्या दिवशी तो प्रत्येकाचा न्याय करील, ही सर्व कलमे दोघांनाही मान्य आहेत. मरिया कुमारी असताना येशूचा जन्म झाला, हेही दोघे मानतात. कुराणाचा एकोणिसावा अध्याय तिच्याच नावाचा आहे. वादाचे खरे ठिकाण याच्याही पुढे आहे. ईश्वर बोलतो, हे एकदा मान्य केले की त्याचे बोलणे हे त्याच्याहून वेगळे की तोच, असा प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न या दोन्ही धर्मांना, पाच शतकांच्या अंतराने, जवळजवळ सारख्याच तीव्रतेने सोडवावा लागला.

ख्रिस्ती जगात तो चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रिया येथे उपस्थित झाला. तेथील एरियस नावाच्या धर्मोपदेशकाचे म्हणणे असे की, येशूच्या रूपाने अवतरलेला ईश्वराचा शब्द, अर्थात ईश्वरपुत्र, हा कितीही श्रेष्ठ असला तरी निर्मितच होय. सर्व सृष्टीच्या आधी तो निर्माण झाला, पण तो नव्हता अशी एक अवस्था होती, आणि अनादित्व हे केवळ पित्याचे लक्षण आहे. ईश्वराच्या एकत्वाला बाध येऊ नये, हीच एरियसची तळमळ होती, हे विसरता कामा नये. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आमंत्रणावरून इ. स. 325 मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्याचे मत फेटाळून पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा कैवारी अथनेशियस पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झाला, आणि बदलत्या सम्राटांच्या बदलत्या मर्जीपायी त्याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले; आयुष्यातील सुमारे सतरा वर्षे त्याने परागंदा अवस्थेत काढली. त्याचा युक्तिवाद तर्कापेक्षा मुक्तीच्या चिंतेतून निघालेला होता: येशू जर स्वतःच निर्मित असेल, तर तो निर्मित मानवाला ईश्वराशी कसा जोडणार?

इ. स. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्यालाही तेच स्थान दिले, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तत्त्वतः एक व व्यक्तिशः तीन, या सूत्रात त्रैक्याचा सिद्धांत स्थिरावला. येथे मराठी वाचकाला एक इशारा देणे मी आवश्यक समजतो. त्रैक्य हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे ब्रह्मा, विष्णू, महेश यांची त्रिमूर्ती उभी राहते, आणि उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी आपण नकळत ख्रिस्ती सिद्धांतावर लादतो. ख्रिस्ती परंपरेने असल्या वाटणीला मान्यता दिलेली नाही. सृष्टी घडविणे, तारणे आणि पावन करणे या प्रत्येक कार्यात तिघे अविभाज्य आहेत, असेच तिचे म्हणणे आहे. एकच ईश्वर प्रसंगानुसार तीन रूपे घेतो, हे वरकरणी सोपे वाटणारे स्पष्टीकरणही तिसऱ्या शतकातच, सेबेलियस नावाच्या उपदेशकाच्या नावावर नोंदवून, पाखंड म्हणून बाजूला काढण्यात आले. हा सिद्धांत दुर्बोध राहिला आहे तो बुद्धीच्या आळसामुळे नव्हे. त्याला सोपा करण्याच्या ज्या ज्या वाटा होत्या, त्या सर्व चर्चने जाणूनबुजून बंद केल्या.

इस्लामची भूमिका तौहीद या एका शब्दात सामावलेली आहे. ईश्वर एकमेव आहे, कोणावाचून त्याचे अडत नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याच्या तोलाचे कोणी नाही, हे कुराणाच्या 112 व्या अध्यायाचे प्रतिपादन अवघ्या चार लहान वाक्यांचे असून सामान्य मुसलमानाला ते बालपणापासून मुखोद्गत असते. ईश्वराला भागीदार जोडणे, म्हणजे शिर्क, हे इस्लामच्या दृष्टीने घोरतम पाप होय. परंतु हा एकमेव ईश्वर निर्गुण नाही. तो ज्ञानी आहे, समर्थ आहे, तो पाहतो, ऐकतो, बोलतो, आणि परंपरेने त्याची 99 नावे सांगितली आहेत. हे गुण, ज्यांना अरबी शास्त्रात सिफात म्हणतात, जर अनादि असतील तर अनादि ईश्वराबरोबर अनेक अनादि वस्तू मानल्यासारखे होत नाही काय? बसरा आणि बगदाद येथील मुतझिला पंथाच्या विचारवंतांना या प्रश्नाने अस्वस्थ केले, आणि त्यांनी गुणांचे स्वतंत्र अस्तित्वच नाकारून ईश्वर आपल्या स्वरूपानेच ज्ञानी व समर्थ आहे असे प्रतिपादिले.

ईश्वराच्या शब्दाला हाच न्याय लावला म्हणजे निष्कर्ष अटळ होता: कुराण निर्मित आहे. खलीफा अल्-मामून याने हा निष्कर्ष राजमान्य केला, आणि इ. स. 833 मध्ये बगदादच्या सुभेदाराला हुकूम पाठवून शहरातील काझी आणि हदीसवेत्ते यांच्या जबान्या घेण्यास सांगितले. तबरीच्या इतिहासात जतन झालेल्या या पत्रव्यवहारात खलीफाने विरोधकांवर ठेवलेला एक ठपका असा आहे की, कुराणाला अनिर्मित म्हणणारे हे लोक, मरियमपुत्र ईसा हा ईश्वराचा शब्द असल्यामुळे निर्मित नव्हे असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती लोकांसारखेच बोलत आहेत. एका मुसलमान खलीफाने मुसलमान धर्मशास्त्र्यांना दिलेला हा टोला इतका मर्मावर बसणारा आहे की, दोन धर्मांची तुलना करू पाहणाऱ्याने तो प्रथम ध्यानी घ्यावा. अल्-मामून त्याच वर्षी मरण पावला, परंतु चौकशी चालू राहिली. हदीसशास्त्राचा थोर अभ्यासक अहमद इब्न हंबल याने कुराण हा ईश्वराचा शब्द असून तो निर्मित नाही, यापलीकडे एक अक्षर बोलण्यास नकार दिला. त्याला बेड्या घालून कैदेत ठेवण्यात आले, आणि पुढचा खलीफा अल्-मुतसिम याच्या कारकीर्दीत फटके मारण्यात आले. तो बधला नाही. अखेर अल्-मुतवक्किलच्या अमदानीत चौकशी बंद झाली, आणि सुन्नी इस्लाममध्ये अनिर्मित कुराणाचा पक्ष कायमचा विजयी ठरला. योगायोग असा की जेरुसलेमच्या त्या घुमटातील लेखातून अब्द अल्-मलिकचे नाव काढून तेथे स्वतःचे नाव घालणारा खलीफाही हाच अल्-मामून. कारागिरांनी नाव बदलले पण हिजरी 72 हे वर्ष तसेच राहू दिले, म्हणून मूळ कर्ता आजही ओळखता येतो.

अथनेशियस आणि इब्न हंबल यांची चरित्रे मी जेव्हा जेव्हा शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा त्यांच्यातील साम्याने स्तिमित होतो. दोघांनीही राजसत्तेचा रोष पत्करून एकच गोष्ट धरून ठेवली, ती ही की, ईश्वराचा जो शब्द माणसापर्यंत पोहोचला तो ईश्वराच्या बाजूचा आहे, सृष्टीच्या बाजूचा नव्हे. कारण तो सृष्टीच्या बाजूचा असता तर माणसाला लाभले ते ईश्वराविषयीचे वर्तमान ठरले असते, ईश्वराचा स्पर्श ठरला नसता. त्यांचे रस्ते फुटले ते, तो शब्द कोणत्या रूपाने आला, या जागी. ख्रिस्ती श्रद्धेत तो देह धारण करून आला. इस्लाममध्ये तो पठणाच्या आणि ग्रंथाच्या रूपाने उतरला. म्हणून येशूची तुलना महंमद पैगंबरांशी आणि बायबलची कुराणाशी, ही जी जोडी आपण सहजगत्या लावतो ती फसवी आहे. ख्रिस्ती धर्मात येशूचे जे स्थान, त्याच्या जवळचे स्थान इस्लाममध्ये कुराणाला आहे. पैगंबर हे त्या शब्दाचे निष्कलंक वाहक होत.

गुणांचा पेचही इस्लामने पुढे ज्या रीतीने सोडविला ती ख्रिस्ती वाचकाला फारशी परकी वाटू नये. दहाव्या शतकाच्या प्रारंभी, प्रथम मुतझिला पंथात वाढलेल्या आणि नंतर त्याच्याशी फारकत घेतलेल्या अल्-अशअरी याने असा सिद्धांत मांडला की ईश्वराचे गुण म्हणजे ईश्वरच असेही नाही आणि ईश्वराहून ते भिन्न आहेत असेही नाही. आणि ईश्वराचा हात, ईश्वराचे सिंहासन यांसारखे कुराणातील उल्लेख कसे हे न विचारता स्वीकारावेत. तर्काला हे सूत्र त्रैक्याइतकेच अवघड जाते. फरक आहे तो गुण आणि व्यक्ती यांच्यातला, आणि तो लहान नाही: ईश्वराचे ज्ञान ईश्वराशी बोलत नाही, परंतु पुत्र पित्याशी बोलतो. एकाच तत्त्वात परस्परांना संबोधन करणाऱ्या व्यक्ती मानणे हीच ती मर्यादा, जी ओलांडण्यास इस्लामने सदैव नकार दिला.

ही मर्यादा कोठे पडते याचा शोध समोरासमोर बसून घेतल्याचे एक सुंदर उदाहरण बगदादच्याच इतिहासात आहे. पूर्वेकडील सिरियाक चर्चचा प्रमुख धर्मगुरू तिमथी याला खलीफा अल्-महदी याने इ. स. 781 च्या सुमारास दरबारात पाचारण केले, आणि दोन दिवस चाललेल्या त्या प्रश्नोत्तराचा वृत्तांत तिमथीने सिरियाक भाषेत एका पत्रात लिहून ठेवला. ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथाचे अरबी भाषांतर करवून घेण्याचे काम ज्याच्याकडे सोपविले, असा विद्वान मनुष्य ईश्वराला स्त्रीपासून पुत्र झाला असे कसे म्हणतो, हा खलीफाचा पहिला प्रश्न होता. असे कोणीही ख्रिस्ती मनुष्य म्हणत नाही, सूर्यापासून प्रकाश आणि जिवापासून शब्द निघावा तसा पुत्र पित्यापासून आहे, असे उत्तर तिमथीने दिले. राजा, त्याचा शब्द आणि त्याचा प्राण मिळून तीन राजे होत नाहीत, हा त्याचा दाखला तर दरबारी श्रोत्याला नेमका पटेल असाच होता. ईश्वर मरू शकतो काय, या प्रश्नावर त्याने येशूचा मानवी स्वभाव मरण पावला, दैवी नव्हे, असा आपल्या चर्चचा पक्ष सांगितला, तेव्हा या बाबतीत तुमचे मत इतर ख्रिस्ती पंथांपेक्षा बरे आहे, असे खलीफाने मोकळेपणाने कबूल केले. कोणी कोणाला जिंकले नाही, आणि दोघांचा परस्परांवरील लोभ कमी झाला नाही.

ईश्वर मरू शकतो काय, हा अल्-महदीचा प्रश्न या सर्व वादात मला सर्वांत खोल वाटतो, कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे: ईश्वराची करुणा म्हणजे काय? कुराणाच्या 114 अध्यायांपैकी एक वगळता सर्वांच्या आरंभी ईश्वराला दयावंत आणि कृपाळू या दोन नावांनी आळविलेले आहे, तेव्हा इस्लामचा ईश्वर केवळ कठोर शास्ता आहे हे मत अज्ञानाचे आहे. अल्-गझाली (1058-1111) याने ईश्वराच्या नावांवरील आपल्या ग्रंथात या दोन नावांचे जे विवेचन केले आहे ते मननीय आहे. तो म्हणतो की दुसऱ्याचे दुःख पाहून माणसाच्या काळजात कळ उठते आणि ती शमविण्यासाठी तो मदतीला धावतो, म्हणजे त्याच्या दयेत स्वतःची वेदना घालविण्याचा अंश असतोच. ईश्वराच्या करुणेत ती कळ नाही, म्हणून ती करुणा उणी नसून पूर्ण आहे, कारण ती केवळ दुसऱ्यासाठी आहे. ज्याला कशाचीच गरज नाही त्याने दिलेले दान हेच निर्भेळ दान, हा विचार किती उन्नत आहे हे सांगावयास नको.

याच्यासमोर ख्रिस्ती श्रद्धा क्रूस उभा करते. ईश्वराचे दैवी स्वरूप दुःखातीत आहे, हे प्राचीन ख्रिस्ती आचार्यांनाही मान्य होते, परंतु इ. स. 451 च्या कॅल्सिडॉन परिषदेच्या निर्णयानुसार येशू हा दोन स्वभावांची एकच व्यक्ती असल्यामुळे, क्रुसावर ज्याने यातना भोगल्या तो स्वतः ईश्वराचा पुत्र होता, असे बहुसंख्य ख्रिस्ती जगाने मानले. पॅरिस येथील सेंट व्हिक्टर मठातील रिचर्ड याने, अल्-गझालीनंतर सुमारे अर्ध्या शतकाने, याच प्रेमाचा धागा त्रैक्यापर्यंत नेला: ईश्वर अनादि कालापासून प्रेमस्वरूप असेल तर सृष्टी निर्माण होण्यापूर्वीही त्या प्रेमाला पात्र असणारा कोणी ईश्वरातच असला पाहिजे. मुसलमान विचारवंत याला उत्तर देईल की असे म्हणणे म्हणजे ईश्वराच्या मागे गरज लावणे होय. आणि कुराण तर येशू क्रुसावर मेला हेच नाकारते. आपल्या प्रेषिताला ईश्वर शत्रूंच्या हाती असे जाऊ देत नाही, हा त्यामागचा विश्वास आहे. ज्याला वेदना शिवत नाही म्हणून ज्याची दया निर्मळ, असा ईश्वर एकीकडे, आणि ज्याने वेदना अंगावर घेतली म्हणून ज्याचे प्रेम प्रत्ययाला आले, असा ईश्वर दुसरीकडे: माझ्या मते या दोन धर्मांतील अंतर येथे आहे, आणि कोणत्याही समन्वयाच्या हौसेने ते बुजवू नये.

हाच वाद आपल्या देशातही झडला. अकबराने इ. स. 1575 मध्ये फत्तेपूर सिक्री येथे इबादतखाना स्थापन केला, आणि त्याच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले रुडॉल्फ ॲक्वाव्हिवा, अँटोनियो मॉन्सेराते आणि फ्रान्सिस हेन्रिकेस हे जेझुइट पाद्री 1580 च्या फेब्रुवारीत तेथे पोहोचले. दरबारातील उलेमांशी त्यांचे जे वादविवाद झाले त्यांत त्रैक्य व ईश्वराचे देहधारण हेच अडसर ठरले, आणि बादशहाही पाद्र्यांचा मान राखूनसुद्धा याच दोन मुद्द्यांपाशी थबकला. ॲक्वाव्हिवा गोव्यास परतला आणि 1583 च्या जुलैमध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारला गेला. या वादविवादांत उभयपक्षी आवेश पुष्कळ होता. बगदादमध्ये आढळतो तो प्रतिपक्ष समजून घेण्याचा धीर मात्र त्यांत कमी दिसतो.

बगदादमधील त्या धीराचे शिखर म्हणजे दहाव्या शतकातील याह्या इब्न अदी. हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ मुसलमान तत्त्वज्ञ अल्-फाराबीचा शिष्य होता आणि ग्रंथांच्या नकला करून उदरनिर्वाह करीत असे. तबरीने लिहिलेल्या कुराणाच्या विशाल भाष्याच्या दोन संपूर्ण प्रती त्याने स्वहस्ते लिहिल्या होत्या, असे त्याचा समकालीन ग्रंथसूचिकार इब्न अल्-नदीम नमूद करतो. त्रैक्याच्या समर्थनार्थ त्याने अनेक निबंध लिहिले, आणि ईश्वर हा जाणीव, जाणणारा आणि जाणलेले या तीन अंगांनी एकच आहे, असा विचार मांडला. प्रतिपक्षाचे खंडन करताना त्याचा मजकूर तोडून मोडून न देता परिच्छेदामागून परिच्छेद जसाच्या तसा उतरवून घ्यायचा आणि मगच उत्तर लिहायचे, ही त्याची पद्धत होती. अरबांचा पहिला तत्त्वज्ञ म्हणून गौरविलेल्या अल्-किंदीने त्रैक्याविरुद्ध लिहिलेला निबंध, आणि अबू ईसा अल्-वर्राक याचे त्याच विषयावरील अत्यंत कुशाग्र खंडन, या दोन्ही मुसलमानी ग्रंथांच्या स्वतंत्र प्रती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. आज ते वाचावयास मिळतात ते याह्याने लिहिलेल्या उत्तरांमधूनच.